आधी मतदार यादी साफ करा
'आधी निवडणूक होऊ दे, सुधारणा काय नंतर पण होतील' असं कोणीतरी म्हटलंय ते नाय पटत. आमच्या कोकणात या, वाडीतली निम्मी घरं बंद, माणसं नालासोपारा नायतर डोंबिवलीला, पण नावं इकडच्या यादीत पण आणि तिकडच्या पण, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एकाच ठिकाणी नाव असं स्पष्ट असूनसुद्धा. आमची आज्जी जाऊन आठ वर्षं झाली, यादीत अजून ठणठणीत आहे बिचारी! खर्चाचं तर बोलूच नका, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आणि पक्षाला मर्यादाच नाय, मग मतदानाच्या आदल्या रात्री चाकरमानी भरून येणाऱ्या गाड्यांचं डिझेल कुणाच्या नावावर लिहायचं? तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी तर ठणकावलंच होतं, मतदारांकडे ओळखपत्रं नसतील तर १९९५ पासून निवडणुकाच नाहीत, आणि मग बघा सरकारं कशी धावाधाव करायला लागली.