मदत हवी आहे: जादूचा प्रयोग चिकित्सक नजरेने कसा पाहावा?

कुतूहल:
येत्या रविवारी जादूच्या प्रयोगाला जायचे आहे. जाहिरातीत दोन खेळ ठळक छापलेत: रिकामा केला तरी पुन्हा भरणारा लोटा ('वॉटर ऑफ इंडिया') आणि बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्या न उघडता वाचणे. यात दैवी काही नाही हे ठाऊक आहे, पण नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. कुणाचा विरसही करायचा नाही. जागा कुठली घ्यावी? मंचावर बोलावले तर काय करावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

पितळी_भांडे:
गुपित आधी कळायला नको असेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जावे.

नेहमीचा लोटा दुहेरी भिंतीचा असतो. दोन भिंतींमधली पोकळी गळ्याशी बंद केलेली. तिला भोके दोनच: एक आत, तळाशी, दुसरे अगदी बारीक, बाहेरून गळ्याजवळ, अंगठा सहज पडेल तिथे. भरताना वरचे भोक उघडे ठेवतात, म्हणजे हवा निघून पोकळीही भरते. ओतताना त्यावर अंगठा. आतले पाणी पडते, पोकळीतले अडून राहते, कारण त्याची जागा घ्यायला हवेला वाटच नसते. लोटा सरळ करून अंगठा उचलला की हवा शिरते, पाणी तळच्या भोकातून आत येते आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबते.

म्हणूनच दर खेपेला पाणी कमी पडते. पोकळी आणि आतली जागा एकाच मापाची धरली आणि पहिल्यांदा ४०० मिली पडले, तर पुढे साधारण २००, मग १००, मग ५०. धार किती वेळ टिकते ते मनात मोजा, उतार लगेच कळेल. पाणी आत यायला वेळ लागतो, त्यामुळे मध्ये दुसरे खेळ घालणे सोयीचे. थोरले पी. सी. सरकार (१९१३–१९७१) हा लोटा कार्यक्रमभर अधूनमधून रिकामा करत, आणि ही योजना मला फार सुंदर वाटते.

फसते कुठे? बारीक भोकात क्षार बसले तर लोटा भरतच नाही. अंगठा सरकला तर मनगटावर ओघळ येतो. तळचे भोक मोठे पडले तर हवा तिथूनच शिरते आणि गुडगुड ऐकू येते.

कुतूहल:
वा, हे नेमके हवे होते! पण त्यांनी लोटा उलटा करून 'बघा, रिकामा' म्हटले तर?

पितळी_भांडे:
ते दाखवणे झाले, तपासणे नव्हे. आत बोट घालू दिले का, तळ पाहू दिला का, एवढेच लक्षात ठेवा.

बंद_पाकीट:
चिठ्ठ्यांसाठी बहुधा 'एक पाऊल पुढे' ही रीत असते. पहिले पाकीट कपाळाला लावून जादूगार एक वाक्य सांगतो, सभागृहातून कुणीतरी 'माझंच!' म्हणतो. तो माणूस त्यांचाच. मग 'खात्री करायला' पाकीट फोडले जाते, पण आत असते दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी. ती मनात वाचून पुढचे पाकीट हातात घेतले की तेच वाक्य सांगायचे. आपल्या माणसाचे पाकीट गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवलेले असते, त्यामुळे शेवटी हिशेब जुळतो.

तुमची चिठ्ठी हिरव्या शाईने, मोठ्या अक्षरात लिहा. तुमचे वाक्य जाहीर होण्याआधीच त्यांच्या हातात हिरवी अक्षरे दिसली तर रीत हीच. फोडलेली चिठ्ठी प्रेक्षकाच्या हातात देतात का, तेही बघा.

विंगेतून:
पहिली रांग घेऊ नका, मान वर करून टेबलाचा वरचा भाग दिसत नाही. तिसरी ते पाचवी, कडेची खुर्ची घ्या. बाल्कनीही चांगली: टेबलाच्या पायांमध्ये आरसे असतील तर जमिनीवरची नक्षी वरून जुळत नाही.

मंचावर बोलावले तर जरूर जा. सांगतील तेवढेच करा, वस्तू हिसकावू नका, गुपित ओरडून सांगू नका. शेजारच्या पोराचा आनंद जातो. कुठल्या वस्तूला हात लावू दिला नाही, ते मात्र टिपून ठेवा. आणि नोंद मध्यंतरातच करा. घरी पोचेपर्यंत 'त्यांनी दाखवलं'चं 'मी तपासलं' झालेलं असतं.

कुतूहल:
सर्वांचे मनापासून आभार. हिरवे पेन आणि तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, दोन्हींची सोय आजच करतो.