मदत हवी आहे: यूकेसीपीची पुनर्मान्यता आणि मराठी सुपरव्हायझर

नमस्कार मंडळी. मी लेस्टरला सायकोथेरपिस्ट आहे. यंदा माझी यूकेसीपीची (ब्रिटनमधली सायकोथेरपिस्टांची नोंदणी करणारी संस्था) पाच वर्षांची पुनर्मान्यता आलीय. पाच वर्षांत सीपीडीचे, म्हणजे कामासोबत चालू ठेवायच्या व्यावसायिक शिक्षणाचे, 250 तास, त्यात दरवर्षी किमान 20 लागतात. एकूण तास भरलेत, पण आईच्या आजारपणात सहा महिने साताऱ्याला होते, त्या वर्षी जेमतेम 14 झाले. असं अपुरं वर्ष कुणी अर्जात कसं मांडलं?

आणि मराठी जाणणारे सुपरव्हायझर (ज्यांच्याशी आम्ही आपल्या थेरपीच्या कामाची चर्चा करतो ते अनुभवी थेरपिस्ट) कुणाला माहीत आहेत का? माझ्याकडे येणारे बरेच जण मराठीतूनच मन मोकळं करतात. ‘जिवाला हुरहूर लागते’ हे सुपरव्हिजनमध्ये इंग्रजीतून सांगताना नेमकी ती हुरहूरच निसटते, याचा फार त्रास होतो. ऑनलाइन भेटणारे असले तरी चालतील. प्लीज कळवा.