जळगावात भाड्याने घर: पिंप्राळा, मेहरूण की अयोध्या नगर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या चोपड्याला राहतो. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मला हिशेबाचं काम मिळालंय, त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवायचंय. चोपड्याला रेल्वे नाही. इदगाव-विदगाव रस्त्याने रोज एसटीचं अपडाऊन करणारे लोक मी बघतो, पण घरी आल्यावर ते कुणाशी बोलायच्या अवस्थेत नसतात. ते मला नको.

घरात आम्ही पाच जण. मी, बायको, मुलगी (पाचवीत जाईल), मुलगा (पहिलीत) आणि आई. आईला शुगर आहे आणि गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. दर महिन्याला सिव्हिलला न्यावं लागेल. आता ते मेडिकल कॉलेज झालंय, पण आमच्याकडे सगळे अजून सिव्हिलच म्हणतात. बायको ब्लाऊज-ड्रेस शिवते, चोपड्यात तिची गिऱ्हाइकं बांधलेली आहेत. ती इथे सोडून तिथे पहिल्यापासून सुरुवात, म्हणून घर तळमजल्यावर आणि बायकांची जा-ये असलेल्या गल्लीत हवंय. बजेट सात हजार, फार ओढून आठ. अनामत पंचवीस हजारांपर्यंत जमेल.

आतापर्यंत बघितलेलं सांगतो.

पिंप्राळ्यात एक स्वतंत्र घर बघितलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, भाडं साडेपाच हजार. पैशात बसणारं तेवढंच एक. मालक शेतकरी माणूस, बोलायला मोकळा. अडचण अशी की माझं काम गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज शिव कॉलनी, प्रभात चौक, आकाशवाणी, इच्छादेवी आणि अजिंठा चौफुली असा अख्खा हायवे दोनदा तुडवायचा. त्यावर ट्रक. जळगावात सिटी बसच्या भरवशावर कुणी राहत नाही, म्हणजे मोटरसायकल आलीच. पेट्रोलचा हिशेब केला तर महिन्याला दीड हजार सहज जातात, म्हणजे साडेपाचाचे सात झालेच. मुलांची व्हॅन वेगळी.

अयोध्या नगरात ब्लॉक बघितला, सहा हजार आठशे. मिल जवळ, दुपारी जेवायलाही घरी येता येईल. पण पहिला मजला, आणि तोही सगळ्यात वरचा. मे महिन्यात ४४-४५ अंशांत तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत आग ओकतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कूलर लावू म्हटलं तर मालक म्हणाले, "लावा की, पण पाणी जपून वापरा." पाणी न घालता कूलर कसा चालवायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

मेहरूणला तलावाच्या अलीकडे एका जुन्या घराचा मागचा भाग मिळतोय. तळमजला, साडेसात हजार, मालक शेजारीच राहतात. मिल आणि गाव दोन्हीच्या मधोमध. पण पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग अंडी खाता का विचारलं. आम्ही खातो. मालकीणबाई म्हणाल्या, "बघू." म्हणजे काय, ते इथल्या जाणत्यांनी सांगावं.

महाबळ, रामानंद नगर फक्त बघून आलो. छान आहे, सावली आहे, आपल्या खिशाचं नाही. कुसुंब्यातही स्वस्तात मिळतंय, पण आईला घेऊन तिकडून सिव्हिल म्हणजे दर खेपेला रिक्षाचे पैसे.

नकाशा समोर घेतला की एकच गोष्ट दिसते. कुठेही राहा, शाळा आणि सिव्हिल गावात. पिंप्राळ्याहून यायचं तर रूळ ओलांडा, मेहरूण नाहीतर अयोध्या नगरातून यायचं तर हायवे ओलांडा. पाचवीतली मुलगी सायकलवर एकटी यातलं काय ओलांडू शकेल, यावर आमचं घोडं अडलंय. बायको म्हणते, "रूळ परवडला, त्याच्यावर पूल तरी आहे."

तर विचारायचं असं. या तिन्ही भागांत पाणी खरंच किती दिवसांनी येतं? मालक सगळीकडे "दिवसाआड" म्हणतात. सबमीटर (मालकाच्याच मीटरवर आपल्यापुरती वीज मोजणारं छोटं मीटर) असेल तर युनिटचा दर काय द्यावा? भाडेकरार नोटरीचा करू म्हणतात, तो चालेल का? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर मिलजवळ राहिला असता की शाळेजवळ?

– चोपडेकर

गिरणाकाठ:
पिंप्राळ्यात जन्म गेला, म्हणून लिहितो. लोक रुळांखालच्या बजरंग बोगद्याचं नाव काढून घाबरवतील. ते खोटं नाही. जोराचा पाऊस झाला की बोगद्यात पाणी साचतं आणि इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे. पण आता पिंप्राळा रेल्वे गेटवर उड्डाणपूल झालाय, त्यामुळे पूर्वीसारखं गेट पडलं म्हणून गाडी बंद करून उभं राहावं लागत नाही. पुलावरून पाचवीची पोरगी सायकलवर? मी माझ्या पुतणीला नाही पाठवत, चढही आहे आणि गाड्याही सुसाट. रिक्षा लावा.
शिवणकामाला मात्र पिंप्राळा सोनं आहे. जुनी वस्ती, बायका एकमेकींच्या ओट्यावर बसणाऱ्या. आषाढी एकादशीला आमच्याकडे रथ निघतो, त्याआधी टेलरला श्वास घ्यायला वेळ नसतो. वहिनींना सांगा.

दाणाबाजार:
भो, "दिवसाआड" हे मालकाचं उत्तर झालं. खरं उत्तर शेजारच्या भाडेकरूकडे मिळतं, ते पण मालक समोर नसताना. पाणी वाघूर धरणाचं येतं, धरण भरलेलं असलं तरी पाइपलाइन फुटली की वेळापत्रक गेलं. म्हणून किती दिवसांनी येतं यापेक्षा साठवण किती हे बघा. जमिनीतली टाकी किती लिटरची, वरची किती, त्या टाकीवर किती कुटुंबं, आणि मोटर कोणाच्या मीटरवर. बोअर असेल तर एक बाटली भरून न्या आणि त्यात डाळ शिजवून बघा. क्षाराचं पाणी असेल तर डाळ शिजत नाही. तुम्हाला डाळमिलवाल्याला काय सांगायचं!
विजेचं असं आहे, महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. तीन बिऱ्हाडं एका मीटरवर असली की तुम्ही ऐंशीच युनिट जाळा, बिल वरच्या टप्प्यात जातं आणि मालक वरच्याच दराने लावतो. त्याचा दोष नाही, त्यालाही तसंच येतं. पण तुमचं नुकसान आहे. स्वतंत्र मीटर असलेलं घर पाचशे रुपये महाग असलं तरी उन्हाळ्यात ते स्वस्त पडतं, कूलर चोवीस तास चालतो आपल्याकडे.

करारवाला:
फक्त कागदाचं बोलतो. नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला गोड शब्दांत सांगा, तो स्वतःच नोंदणी कार्यालयाचा रस्ता विचारेल.
खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात), आणि नोंदणी फी मनपा हद्दीत हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा लागतो. करून देणारा त्याची मजुरी वेगळी घेईल, ती आधी ठरवा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची ती मालकाकडून दिली गेली का, तेही बघून घ्या.
मुलगा पहिलीत म्हणालात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी प्रयत्न करणार असाल, तर पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात, आणि तो अर्जाच्या आधीचा लागतो. शाळेपासूनचं अंतरही त्याच पत्त्यावरून मोजतात. यंदाचं हुकलं असेल तर झालं, पण धाकटं भावंड, पुतण्या कोणी असेल तर लक्षात ठेवा.

मेहरूणची_बोरं:
दादा, "बघू" म्हणजे "नाही", पण तुम्हीच दुसरीकडे घर घेतलं असं व्हावं ही इच्छा. 😀 तरी एकदा वहिनींना आणि आईंना घेऊन जा. माणूस एकटा गेला की चौकशी फार होते, म्हातारी माणूस सोबत दिसली की अर्धे प्रश्न कमी. अंड्याचं खरं सांगितलंत ते बरं केलं, लपवून राहण्यात रोजचा ताप.
मी स्वतः शिकवण्या घेते, त्यामुळे शाळेवर बोलते. मुलीला ला. ना. किंवा नंदिनीबाईसारख्या गावातल्या शाळेत घालायचा विचार असेल तर मेहरूणहून पोरं रिक्षाने जातात, हायवे एकटीने ओलांडायचा प्रश्न येत नाही. रिक्षावाले काका ठरलेले असतात, वर्षानुवर्षं तेच. घर ठरवायच्या आधी गल्लीत सकाळी साडेसहाला उभ्या राहा... म्हणजे तुम्ही उभे राहा, किती पोरं रिक्षात चढतात ते बघा. पोरं चढत असली तर त्या गल्लीला रिक्षा येते. नाहीतर तुमच्या दोघांसाठी कुणी आत वळत नाही.
आणि मिलजवळ की शाळेजवळ? शाळेजवळ. नोकरी खाजगी आहे, आज या मिलला, उद्या दुसऱ्या. शाळा दर वर्षी बदलता येत नाही.

सुवर्णनगरी:
ताईंशी सहमत नाही. कमावणारा माणूस रोज हायवेवरून पंधरा किलोमीटर करणार, पावसाळ्यात, ट्रकमधून, आणि सीझनला मिल रात्री सुटणार. त्याचा जीव पण धरा हिशेबात. अयोध्या नगरातच तळमजल्याचं शोधा, मिळतं. फलक लावलेली घरं सोडा, किराणा दुकानदाराला विचारा. तो दलाली घेत नाही, त्याला फक्त नवीन उधारीचं गिऱ्हाईक हवं असतं.

तापीकाठना_जिभाऊ:
भाऊ, घर दखाले गयात ते पहिले टाकी दखा, मंग भिंती. भाडं नंतर.

चोपडेकर:
सगळ्यांचे आभार. बायकोला सगळं वाचून दाखवलं. पिंप्राळ्याच्या रथाचं ऐकून ती एकदम तिकडेच झुकली होती, पण आईने विचारलं, "याला रात्री यायला किती वाजतील?" आणि विषय थांबला.

आता असं ठरवतोय. अयोध्या नगरचा वरचा मजला रद्द. मेहरूणला या रविवारी आईसकट जाऊन येतो, मीटर कोणाचं आणि टाकी कितीची हे विचारतो. तिथे "बघू"च राहिलं तर अयोध्या नगरात किराणा दुकानांतून तळमजल्याचं शोधतो. साडेसातवर सहाशे-सातशे कमी होतील का, असं विचारायचं धाडस आहे, पण आईसमोर विचारू की नंतर फोनवर?

दाणाबाजार, बाटलीत पाणी आणून डाळ शिजवायची आयडिया भारी आहे. तूरडाळ चालेल ना?

दाणाबाजार:
तुरीचीच घ्या, भिजत न घालता. आणि भाडं आईसमोरच विचारा, फोनवर "नाही" म्हणणं लई सोपं जातं.