घरात कोणी जाड नाही, तरी शुगर आणि बीपी कसं काय?

मंगळवेढ्याचा_गडी
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याजवळ, म्हणजे ज्वारीच्या कोठारातलंच, घरात पिढ्यानपिढ्या भाकरी. मी नोकरीला चिंचवडला असतो. परवा गावात तपासणी शिबिर झालं त्यात वडिलांचं (वय ५८) बीपी १६२/९४ निघालं आणि उपाशीपोटी शुगर १४८. लॅबमध्ये परत केली तरी १४० च्या वरच. आईला बीपी आहेच आधीपासून. मग मी पण घाबरून एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) केली तर ६.१, डॉक्टर म्हणाले काठावर आहे सांभाळा. आता मला समजत नाही की वडिलांचं वजन ६० किलो, उंची साडेपाच फूट, आयुष्यभर शेती केलेला माणूस, हॉटेलचं खाणं नाही, पिझ्झा कशाशी खातात माहीत नाही. आम्हाला वाटायचं हे शहरातल्या जाडजूड लोकांचं दुखणं. चुलते म्हणतात सगळा खतांचा आणि हायब्रीड धान्याचा परिणाम आहे. खरंय का? आणि काय बदलायचं ते नीट कोणी सांगेल का, कारण वडील म्हणतात माझी भाकरी बंद केली तर मी जेवणारच नाही.

पेठकर_काका
चुलत्यांचं बरोबर आहे तुमच्या. आमच्या वेळी शेणखत होतं, बीपी कुणाला माहीत होतं? युरिया आला आणि रोग आले. विषय संपला.

ऊनसावली
काका, विषय एवढ्यात कसा संपेल :) तुमच्या वेळी बीपी माहीत नव्हतं कारण मोजत कोण होतं? माणूस शेतात पडला की लोक म्हणायचे वारं गेलं अंगावरून. ते वारं म्हणजे बहुतेक वेळा पक्षाघात, आणि त्याच्यामागे बीपी. कीटकनाशकांचे दुष्परिणाम आहेत ते आहेतच, पण त्यांच्या नावाखाली बाकी सगळं झाकलं जातं.

मूळ प्रश्नाबद्दल. दादा, घरात कोणी जाड नाही हे तुम्ही वजनकाट्यावरून ठरवलंत ना? टेप घ्या. वडिलांना सदरा वर करून उभं करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडल्यावर मोजा. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० च्या वर गेलं की धोका धरतात. वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय) पण परदेशात २५ पर्यंत ठीक म्हणतात, आपल्या लोकांना २३ च्या पुढे सावध व्हायला सांगतात.

याच्यावर पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतःच सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची, पण आपली बाळं हडकुळी असूनही त्यांच्यात चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. म्हणजे आईच्या पोटात उपासमार झाली की शरीर स्नायूंवर कात्री लावतं आणि चरबी राखून ठेवतं. पुढे २००४ ला त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज मित्र-डॉक्टरचा फोटो छापला होता, दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तुमचे वडील १९६५-७० च्या दरम्यान जन्मलेले असणार, दुष्काळी पट्टा, पुढे ७२ चा दुष्काळ लहानपणी. मला नाही वाटत त्यांच्या केसमध्ये काही गूढ आहे. शरीर कमी खाण्यासाठी तयार झालं आणि नंतर खायला भरपूर मिळालं, राबणं मात्र कमी झालं.

झेडपी_शाळा
राबणं कमी झालं हे शंभर टक्के. आमच्याकडे आता बांधापर्यंत मोटरसायकल, नांगरट ट्रॅक्टरनं, मळणी मशीननं, पाणी मोटारीनं, बटण दाबलं की झालं. शेतकरी म्हणजे कष्ट हे डोक्यातून जात नाही पण ज्यानं पंधरा वर्षांपूर्वी औत सोडलं त्यानं भाकऱ्या मात्र सोडलेल्या नाहीत. (बायकांचं वेगळं, खुरपणी अजून त्यांच्याच मागं आहे.)

उपकेंद्रातली_ताई
मी उपकेंद्रात काम करते, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून, त्यामुळे रोज हेच बघते म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

शहरातला रोग वगैरे आता सोडून द्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत २०११ लाच महाराष्ट्रात प्रौढांमध्ये ८.४ टक्के मधुमेह निघाला होता, शहरात १०.९ आणि खेड्यात ६.५, म्हणजे खेडं फार मागे नव्हतंच. २०२३ ला देशभराचा आकडा आला तो ११.४ टक्के, आणि बीपी ३५.५ टक्के, म्हणजे तीन प्रौढांत एक. गडचिरोलीत सर्च या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने ८६ गावांतले मृत्यू तपासले तर सगळ्यात जास्त लोक लकव्याने गेलेले निघाले, सात मृत्यूंमधला एक. गडचिरोली! जिथे आपण म्हणतो फक्त मलेरिया आणि कुपोषण.

आता दादा तुम्ही आईबद्दल एकच ओळ लिहिलीत, मी विचारते, त्या मिश्री लावतात का? कारण सोलापूर भागात साठीच्या आसपासच्या किती बायका लावतात ते मी मोजायचं सोडून दिलंय. त्यांना तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतात आणि ते त्यांच्या मते खरंच असतं, मिश्री म्हणजे दात घासणं. पण ती भाजलेली तंबाखूच, निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात, बीपी वाढतं, हृदयाला त्रास, तोंडाचा कॅन्सर वेगळाच. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूवाले होते आणि बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे धूर नाहीच, सगळं तोंडात, मिश्री, चुना-तंबाखू, मावा, विदर्भात खर्रा. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. बीपीची गोळी चालू केली, पंधरा दिवसांनी बरं वाटलं, बंद. हे आमच्याकडे घरटी एक. बीपी दुखत नाही ओ, हाच त्याचा घोळ आहे. वडिलांचं १६२ निघालंय म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी शांत बसून परत मोजा, १४०/९० च्या वरच राहिलं तर डॉक्टर देतील ती गोळी रोज, न चुकता. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची शुगर, बीपी आणि तोंडाची तपासणी उपकेंद्रात फुकट होते, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात त्यात कमरेचं माप पण आहे, लोक हसतात टेप काढला की.

खादाड_अण्णा
सगळे भाकरीच्या मागे लागलेत. ज्वारी तर डॉक्टरच सांगतात ना शुगरवाल्यांना? आमच्याकडे तिघांना सांगितली आहे.

डब्यातलं
अण्णा, ज्वारी चांगलीच आहे, गहू-तांदळापेक्षा चोथा जास्त, शुगर जरा सावकाश वाढते. पण ज्वारी औषध नाही. एका मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, त्यात साधारण ४५ ग्रॅम पिष्ट, म्हणजे कार्बोहायड्रेट. तीन भाकरी, वर भात, सोबत पातळ आमटी ज्यात डाळ शोधावी लागते, आणि बटाट्याची भाजी. झालं जेवण. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, लोक येऊन सांगतात मॅडम आम्ही साधंच खातो, आणि साधं म्हणजे हे. २०२५ ला आयसीएमआरच्याच त्या पाहणीतला आहाराचा भाग आला त्यात भारतीय माणसाच्या उष्मांकातले ६२ टक्के पिष्टातून येतात असं निघालं आणि प्रथिनं जेमतेम १२ टक्के. त्यांचा मुद्दा असा की तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्य घेतलं आणि एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं तर मधुमेहाचा धोका फारसा हलत नाही, पिष्टातला थोडा भाग काढून तिथे डाळी, दूध-दही, अंडी असं काही आणलं तर हलतो. ज्वारी की गहू ही भांडणं आम्ही उगाच घालतो.

म्हणून दादा वडिलांची भाकरी बंद करू नका, ते ऐकणार नाहीत आणि गरजही नाही. तीनच्या जागी दीड-दोन, आणि आधी ताटात बाकीचं येऊ द्या. तुमच्याकडे हुलगा आहे, मटकी आहे, हरभरा आहे, घट्ट पिठलं आहे, ताक आहे, खात असाल तर अंडी. आमटी घट्ट करा. मेथी-शेपू-करडईची भाजी वाटीभर, चमचाभर नको. शेंगाचटणी चालेल पण मिठाकडे बघा. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा सांगतात, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून, आणि आपण त्याच्या बरंच वर खातो.

आणि चहा! कोणी बोललंच नाही. गावाकडे माणूस पाच-सहा कप सहज पितो, घरी, टपरीवर, कुणाकडे गेलं की नाही म्हणता येत नाही. कपाला दोन चमचे साखर म्हटलं तर पन्नास ग्रॅमच्या वर गेलात, २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाची मर्यादा २५ च्या आसपास दिली आहे. वर बिस्किटं. उपवासाचं तर विचारूच नका, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर तूप, बटाटा, शेंगदाणे. एकादशी आणि दुप्पट खाशी उगाच म्हणत नाहीत. शुगरची गोळी चालू झाली तर उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

पेठकर_काका
आता चहा पण बंद. मग जगायचं कशाला.

डब्यातलं
काका, बंद कुठे म्हटलं, तीन कप घ्या आणि साखर अर्धी करा. दोन आठवडे तोंड वाकडं होईल, नंतर पहिल्यासारखा गोड चहा नको वाटेल.

मंगळवेढ्याचा_गडी
सगळ्यांचे आभार. काल गावी आलोय. टेप लावला, वडील ९४, मी ९६. माझ्या भावाचा विश्वासच बसेना म्हणून त्याला पण मोजलं, तो ९१. आणि ताई, हो, आई मिश्री लावते, दिवसातून तीन-चार वेळा, आम्ही कधी त्याला तंबाखू म्हणून बघितलंच नव्हतं. एकदम बंद करायला सांगितलं तर डोकं दुखतं म्हणते, खरंच दुखत असेल का की बहाणा? आणि वडिलांना व्यायाम सांगायचा तर कसा, शेतकऱ्याला चालायला जा म्हटलं की गाव हसतं.

उपकेंद्रातली_ताई
बहाणा नाही, निकोटीन सुटताना डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. पहिले काही दिवस जास्त, मग कमी होत जातं. वेळा कमी करत आणा, आधी दुपारची, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी. बडीशेप-ओवा तोंडात ठेवायला द्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, आणि जिल्हा रुग्णालयात समुपदेशन केंद्र असतं तिथे एकदा न्या. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम आहे का तेही तेव्हाच दाखवून घ्या.

झेडपी_शाळा
चालायचं असं काही सांगूच नका. मोटरसायकल वस्तीवर ठेवा आणि रानात पायी जाऊ द्या, येणं-जाणं मिळून अर्धा तास झाला तरी आठवड्याचे १५० मिनिटं पार. कोण हसतंय मग. तुम्ही मात्र चिंचवडला काय करणार ते सांगा, ९६ तुमचं आहे.

मंगळवेढ्याचा_गडी
तेच तर. बसून काम आणि कँटीनचं जेवण. बघतो. बीपीचं मशीन घ्यायचा विचार आहे घरी, मनगटाचं घेऊ का, सोपं वाटतं?

उपकेंद्रातली_ताई
मनगटाचं नको, दंडाला बांधायचं घ्या, पट्टा वडिलांच्या दंडाला बसतोय का बघून. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, बोलायचं नाही, आणि प्रत्येक आकडा वहीत तारखेसकट.