गायीची अंडपेशी मुद्दाम उशिरा पिकवावी का?

डिशवाला
प्रयोगशाळेत गायीचे भ्रूण करताना आपण घिसाडघाई करतो आणि तिला प्रोटोकॉल म्हणतो. २ ते ८ मिमीच्या फॉलिकलमधून (अंडाशयातल्या द्रवभरल्या पिशवीतून) अंडपेशी ओढल्या, धुतल्या, की तडक २२-२४ तास परिपक्वतेच्या मीडियात (पिकवायच्या पोषक द्रवात). त्या तयार होत्या का, हे कोण बघतं?

फॉलिकलमध्ये अंडपेशीला अक्षरशः धरून ठेवलेलं असतं. फॉलिकलच्या भिंतीतल्या ग्रॅन्युलोसा पेशी सीएनपी नावाचं पेप्टाइड सोडतात. त्यामुळे अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशींत सीजीएमपी हे निरोपाचं रसायन तयार होतं, ते बारीक जोडछिद्रांतून अंडपेशीत झिरपतं आणि सीएएमपी हे तसंच दुसरं रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. सीएएमपी टिकलं की अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं, पिकतानाचं विभाजन) थांबलेलं राहतं. आपण सुईने पेशी बाहेर काढतो तेव्हा ही साखळी तुटते आणि एलएच या अंडमोचनाच्या हार्मोनचा निरोप न येताच पेशी चालू पडते. पिंकस आणि एन्झमन यांनी सशांमध्ये हे १९३५ सालीच दाखवलं होतं. गायीत सहा-आठ तासांत केंद्रकाचं आवरण विरतं. केंद्रक पुढे पळतं, पेशीद्रव्य मागे राहतं. आणि गायीच्या भ्रूणाचा स्वतःचा जीनोम नीट जागा होतो ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर. तोवर सगळा कारभार आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर. ती अर्धवट बांधलेली असेल तर पुढचा मीडिया कितीही महागडा असू द्या.

म्हणून आधी काही तास पेशी रोखून धरा, मग पिकवा. मी सीएनपी वापरून सहा तास थांबवतो.

सुई_१८
पुन्हा तेच. थांबवायची औषधं म्हणून रोस्कोव्हिटिन झालं, ब्युटिरोलॅक्टोन झालं. पेशी २४ तास थांबते, औषध धुतलं की पुढे जाते, सगळं छान. आणि ब्लास्टोसिस्ट (सातव्या दिवसापर्यंत वाढलेले भ्रूण)? साधारण तेवढेच. थांबवणं म्हणजे घडवणं नव्हे, साहेब. शिदोरी बांधायची जागा गायीच्या पोटात आहे. एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) द्या, मग दोनेक दिवस ते बंद ठेवा आणि त्यानंतर ओपीयू (जिवंत गायीतून सुईने अंडपेशी काढणं) करा. फॉलिकल स्वतःच पेशी घडवतं. तुमची जास्तीची डिश, जास्तीचं धुणं, जास्तीचं पिपेटिंग कशाला?

डिशवाला
रोस्कोव्हिटिनबद्दल मान्य. ते थेट किनेजवरच (विभाजन चालू करणाऱ्या एन्झाइमवरच) कुलूप घालतं, क्युम्युलसशी चाललेल्या देवाणघेवाणीचं त्याला देणंघेणं नाही. सीएनपी ती देवाणघेवाण चालू ठेवून थांबवतं, फरक तिथे आहे. आणि एफएसएच कत्तलखान्यातून आलेल्या अंडाशयाला कसं देणार?

रात्रपाळी
तुम्ही दोघं बायोकेमिस्ट्रीत अडकलात. माझा प्रश्न घड्याळाचा. अंडाशयं संध्याकाळी आली की फलन दुसऱ्या संध्याकाळी, आणि झायगोट (फलित अंडपेशी) सोलायला, म्हणजे भोवतीच्या पेशी काढायला, तिसऱ्या दिवशी दुपारी मीच. घोड्यांच्या आयसीएसआयमध्ये (शुक्राणू सुईने अंडपेशीत टोचण्याच्या पद्धतीत) अंडपेशी खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवून सकाळी पिकवायला घालतात, कुणाला काही वाटत नाही. ब्लास्टोसिस्टचा टक्का वाढला नाही तरी चालेल, घटला नाही एवढं दाखवा. मी उद्यापासून थांबवतो.

सुई_१८
घोडीचं गायीला लावू नका. गायीची अंडपेशी गारव्याला फार नाजूक. थांबवायचं तर ३८.५ अंशांवर, औषधाच्या जोरावर. झोप मिळावी म्हणून हे करताय, निदान तसं कबूल तरी केलंत!

वासरू_मोजा
२०१० साली ॲडलेडच्या गटाने फोर्स्कोलिन आणि आयबीएमएक्स या सीएएमपी वाढवणाऱ्या औषधांची पद्धत मांडली तेव्हा असाच जल्लोष झाला होता. इतर प्रयोगशाळांत ती तशी चालली नाही. २०१५ मध्ये त्याच गटाने तिचा फेरविचार छापला, ही त्यांची सचोटी. पण आपण प्रत्येक वेळी सातव्या दिवसाचे ब्लास्टोसिस्ट मोजून नाचतो. गाभण किती राहिल्या, वासरं किती झाली, वजनं काय, हे कोण मोजणार?

डिशवाला
वासरं मोजायला हवीत, वादच नाही. पण किती भ्रूण मिळतील हे बहुतांशी अंडपेशीच ठरवते आणि त्यांचा दर्जा संवर्धनाचा मीडिया, हे २००२ मध्ये डब्लिनच्या गटाने दाखवलंय. मी संख्येचं बोलतोय.

क्रोमॅटिन
मुख्य अडचण कुणीच काढली नाही. एका बॅचमधल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काहींचं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचं गुंडाळं) विखुरलेलं, जनुकांचं लेखन अजून चालू; काहींचं घट्ट आवळलेलं, काम संपलेलं. पहिल्यांना वेळ हवा. दुसऱ्यांना थांबवणं म्हणजे दहावी पास झालेल्या पोराला पुन्हा दहावीतच बसवणं. सगळ्यांना एकच सहा तास दिले तर फायदा-तोटा एकमेकांत जिरून सरासरी जागच्या जागी राहणार. 'फरक पडत नाही' असे जे निष्कर्ष निघतात, त्यातले काही यामुळेही असतील, असा माझा अंदाज. लहान फॉलिकलच्या आणि वयात न आलेल्या कालवडींच्या पेशींवर वेगळा प्रयोग करा. तिथे जागा आहे.

सुई_१८
हे पटलं. कालवडींच्या पेशी कच्च्याच असतात. तिथे करून बघायला माझी हरकत नाही. पण डिशवाले, एक सांगा. सहा तास थांबवल्या म्हणता, त्यातल्या काही सोलून, होक्स्टने (डीएनएला लागणाऱ्या रंगाने) रंगवून केंद्रक पाहिलंत? की औषध घातलं म्हणजे थांबल्याच?

डिशवाला
नाही पाहिलं. क्युम्युलस घट्ट दिसला आणि गृहीत धरलं. उद्याच्या बॅचमधल्या वीस बाजूला काढतो. दहा औषधातल्या, दहा बिनऔषधाच्या.

रात्रपाळी
आणि त्या सोलणार कोण, तेही लिहा.