रोजच्या स्वयंपाकाला कोणतं ऑलिव्ह ऑइल? (एकच प्रकार घ्यायचा आहे)

पळीपातेलं
नमस्कार मंडळी. घरात चार माणसं आहोत. रोजचं तेल बदलून ऑलिव्ह ऑइल सुरू करायचं ठरवलंय, पण दुकानात फळीसमोर उभी राहिले की काही सुचत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन, नुसतं 'ऑलिव्ह ऑइल', लाइट, पोमेस, सगळ्यांवर ऑलिव्हचंच चित्र. बहुतेक वेळा कांदा आणि भाज्या परतणं, अंडी, कधीतरी तळण, क्वचित सॅलड. एकच प्रकार हवा, दोन-दोन बाटल्या सांभाळणं होणार नाही. आत्ताच्या तेलाच्या दुप्पट खर्च चालेल, त्याच्या वर अजिबात नाही. वापरणाऱ्यांनी सांगा.

निरभ्र
डोळे झाकून एक्स्ट्रा व्हर्जिन. आमच्याकडे परतायला, तळायला, वरून घालायला, सगळ्याला तेच. सध्या ग्रीसचं कोरोनेइकी जातीचं आणलंय, बाटलीवर फळं तोडल्याचा महिना छापलेला आहे. घशात मस्त ठसका लागतो. दुपटीत बसणार नाही, पण रोज पोटात जाणाऱ्या वस्तूत काटकसर करू नये असं माझं मत.

कढई
एक्स्ट्रा व्हर्जिन तापवायचं नसतं हो! लगेच धूर होतो. तळणासाठी पोमेस घ्या. आम्ही तेच आणतो, वास नाही, चव नाही, बजेटमध्येही बसेल.

रानपाखरू
निरभ्र +१. फक्त पारदर्शक बाटलीतलं घेऊ नका. मी घेतलेली बाटली दुकानात दिव्याखाली किती महिने उभी होती कोण जाणे, घरी उघडली तर खवट. दुकानदार म्हणे ऑलिव्हचा वास असाच असतो. बाटली परत घेतली नाही ती नाहीच. अजून राग जात नाही.

तळटीप
कढई, धुराचं आपण सगळेच ऐकत आलोय, पण आकडे बघा. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनचा धूर साधारण 190 ते 210 अंश सेल्सिअसला निघतो. तळण होतं 170 ते 180 ला. म्हणजे कढईखालचा गॅस ताब्यात असेल तर अडचण नाही. शिवाय तापवल्यावर तेल किती टिकतं हे नुसत्या धुरावर ठरत नाही. ऑलिव्ह ऑइलमध्ये ओलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्ध आम्ल) 55 ते 83 टक्के असतं आणि ते उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यात एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये पॉलिफेनॉल, म्हणजे फळातले अँटिऑक्सिडंट, असतात, तेही तेलाला सांभाळतात. तापवताना त्यातले काही उडतात हे खरं, सगळे जात नाहीत.

जुनाजाणता
पोमेसचा सल्ला देण्याआधी पोमेस म्हणजे काय ते तरी सांगा. तेल काढून झाल्यावर फळांचा जो चोथा उरतो, त्यातलं उरलंसुरलं तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने ओढून घेतात, मग रिफाइन करतात आणि त्यात थोडं व्हर्जिन मिसळतात. 2001 साली स्पेनमध्ये पोमेस तेलात बेंझोपायरीन हा कर्करोगकारक घटक सापडला म्हणून ते बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं. मी घरात येऊ देणार नाही.

कढई
2001 ची गोष्ट आज सांगून काय उपयोग? त्यानंतर मर्यादा ठरल्या, तपासण्या होतात. आणि द्रावकाने काढलेली इतर रिफाइंड तेलं घरोघर चालतातच की. आमच्याकडे कोणाला काही झालेलं नाही.

जुनाजाणता
काही झालं नाही हा पुरावा नव्हे.

झुळूक
वजनाचा विचार असेल तर लाइट घ्या, त्यात कॅलरी कमी. मी तेच वापरते.

तळटीप
झुळूकताई, लाइट हे रंगाला आणि चवीला म्हटलंय. ग्रॅमला 9 कॅलरी दोन्हीकडे तेवढ्याच. लाइट म्हणजे बहुतांशी रिफाइंड तेल.

झुळूक
मग तसं स्पष्ट लिहायला नको का त्यांनी! एवढे दिवस मी मोकळ्या हाताने ओततेय.

रानपाखरू
मी वर लिहिलंच आहे, बाटली गडद काचेची किंवा पत्र्याचा डबा घ्या. उजेड, उष्णता आणि हवा तिन्ही वाईट.

माठ
अस्सल ओळखायची सोपी युक्ती: बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गोठलं तर अस्सल.

निरभ्र
माठ, या युक्तीवर विसंबू नका. तेल किती गोठतं हे फळाच्या जातीवर आणि त्यातल्या मेणावर अवलंबून असतं. अस्सल तेलही नुसतं गढूळ होऊन थांबतं. रंगावरही जाऊ नका. चव पारखणारे लोक मुद्दाम निळ्या पेल्यातून चाखतात, रंग दिसू नये म्हणून.

माठ
आमच्याकडे तरी दरवेळी गोठतं.

पळीपातेलं
सगळ्यांचे आभार, पण मला एकच प्रकार हवाय आणि दुप्पट म्हणजे दुप्पटच. एक विचारायचं राहिलं. मैत्रिणीकडे एक्स्ट्रा व्हर्जिन चाखलं होतं, ते कडू लागलं आणि घसा चुरचुरला. तेल खराब होतं का? आणि नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' लिहिलेलं असतं ते नेमकं काय? त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

तळटीप
उलट, ते ताजं असणार. घशातली चुरचुर ओलिओकँथल नावाच्या घटकाची. तो आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखा काम करतो असं 2005 मध्ये संशोधकांनी दाखवलं. खवट तेलाला जुन्या अक्रोडासारखा किंवा मेणखडूसारखा वास येतो, तो वेगळा.

आता प्रकार. एक्स्ट्रा व्हर्जिन फक्त यंत्राने दाबून-घुसळून काढलेलं, त्यात मुक्त, म्हणजे तेलापासून सुटं झालेल्या, आम्लाचं प्रमाण 0.8 टक्क्यांपर्यंत चालतं आणि चाखणाऱ्यांच्या गटाला त्यात एकही दोष सापडता कामा नये. व्हर्जिन 2 टक्क्यांपर्यंत, त्यात थोडा दोष चालतो. ही आम्लता जिभेला कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' म्हणजे रिफाइंड ऑलिव्ह तेलात थोडं व्हर्जिन मिसळलेलं, आम्लता 1 टक्क्यापर्यंत. पॉलिफेनॉल कमी, चव सौम्य, ओलेइक आम्ल मात्र तसंच. तरी माझा कौल एक्स्ट्रा व्हर्जिनलाच. आर्बेकिना जातीचं बघा, बरंच सौम्य असतं.

जुनाजाणता
स्पेनचंच पिक्वाल घ्या, ते जास्त टिकतं. आर्बेकिना तापवण्याला तेवढं खंबीर नाही.

निरभ्र
कडू म्हणून सोडू नका. जिभेला सवय होते. आमच्या मुलांना आता दुसरं चालतच नाही.

उंबरठा
एवढा खटाटोप कशाला? हाय-ओलेइक सूर्यफूल तेल घ्या. ओलेइक आम्ल भरपूर आणि चव नाही.

जुनाजाणता
ताईंनी ऑलिव्हबद्दल विचारलंय. त्यासाठी वेगळा धागा काढा.

उंबरठा
पोमेसवर इथे दोन पानं भांडण झालेलं चाललं, मी दोन ओळी लिहिल्या तर वेगळा धागा?

कढई
दोन बाटल्या ठेवा ना ताई. पोमेस तळायला, एक्स्ट्रा व्हर्जिन वरून घालायला. आम्ही तसंच करतो.

पळीपातेलं
ठरवलं. नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' आणलं, पत्र्याचा लहान डबा. घरात दोघांना कडू अजिबात चालत नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं तर पॉलिफेनॉल डब्यातच राहणार. सॅलड आमच्याकडे इतकं कमी होतं की त्यासाठी चौपट पैसे देणं मला पटत नाही. आज त्यात कांदा आणि सिमला मिरची परतली, कोणी काही विचारलं नाही, सगळं संपलं.

निरभ्र
तुमचा निर्णय, पण हळहळ वाटली. ऑलिव्हचं जे खरं देणं, तेच रिफाइन करताना काढून टाकलेलं असतं. पुढच्या वेळी एक छोटी बाटली तरी चाखा.

रानपाखरू
डबा घेतलात ते बरं केलंत. गॅसशेजारी ठेवू नका.

पळीपातेलं
रानपाखरू, डब्यातून ओतताना सांडतं, म्हणून काचेच्या बाटलीत काढून ठेवलं तर चालेल का?

तळटीप
चालेल, पण आठवड्यापुरतंच काढा. बाटली गडद रंगाची आणि पूर्ण कोरडी हवी. बाटलीत जुनं तेल तळाशी असताना वर नवं ओतू नका, नाहीतर जुन्याचा खवटपणा नव्यालाही लागतो. डब्याचं झाकण घट्ट लावून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि उघडल्यापासून दोनेक महिन्यांत संपवा.

माठ
फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. गोठलं की बाहेर काढून ठेवायचं, परत पातळ होतं.