मालवणच्या सुट्टीत रेल्वे इंजिनांचे फोटो कुठे काढता येतील?

मावशी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका.

नोव्हेंबरात आम्ही सगळे मालवणला चाललोय. बहिणीचा मुलगा सोबत आहे, वय वर्षं बारा. बाकीची पोरं स्कूबा, डॉल्फिन, बनाना राइड म्हणून आत्तापासून नाचतायत आणि हा मला विचारतो, "मावशी, तारकर्लीपासून सगळ्यात जवळचं स्टेशन कुठलं?" कोकण रेल्वेची इंजिनं बघायची आणि त्यांचे फोटो काढायचे, एवढंच त्याचं मागणं. डोंबिवलीत राहून रेल्वेचा वीट कसा येत नाही, देव जाणे. लोकलला तो रेल्वे मानतच नाही, "तिला इंजिन कुठेय?" म्हणतो.

त्याला समुद्र मागे आणि गाडी पुढे असा फोटो हवाय. तसा कुठे मिळेल? डिझेल इंजिनं अजून दिसतात का? स्टेशनवर कॅमेरा काढला तर कोणी हटकतं का? कॅमेरा म्हणजे त्याच्या बाबांचा जुना डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ची लेन्स. मला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

---

म्हावऱ्याचा_रस्सो

माका एक कळणा नाय, मालवणात येवन म्हावरा सोडून इंजिनांचे फोटो कित्याक? 😀 पोराक सुरमय घाला, इंजिन इसरात.

---

रुळाकाठी_कुडाळ

रस्सोबुवा, सुरमई खाऊनही इंजिनं बघता येतात, मी आयुष्यभर तेच करतोय.

मावशी, वाईट बातमी आधी सांगून टाकतो. समुद्र मागे आणि गाडी पुढे हा फोटो सिंधुदुर्गात नाही. नकाशा उघडून बघा, रूळ किनाऱ्यापासून चांगले आतून गेलेत. खाड्या मुखाशी रुंद होत जातात, तिथे पूल किती लांब बांधणार? म्हणून मार्ग आत घेतला. तरीसुद्धा लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल आणि नव्वदच्या वर बोगदे करावे लागलेच. पाण्यावरची गाडी हवीच असेल तर नदीच्या पुलावर भागवावं लागेल. शरावतीवरचा दोन किलोमीटरचा पूल आहे खरा, पण तो होन्नावरला, कर्नाटकात. तुमच्या सुट्टीत बसत नाही.

आता कामाचं. गाडीच्या मागे धावू नका, एका स्टेशनात बूड टेकून बसा. महाराष्ट्रात रोहा ते वीर एवढा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला, खाली सगळा एकेरी. एकेरी म्हणजे समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात बाजूला घ्यावंच लागतं. आतले प्रवासी घड्याळ बघून कावतात आणि फोटोवाल्यांची चंगळ होते. चालत्या गाडीचा एक फोटो मिळायला मारामार. इथे इंजिन वीस-वीस मिनिटं तुमच्यासमोर उभं असतं. १८-५५ लेन्स त्याला पुरून उरते.

असं एक क्रॉसिंग कसं होतं ते सांगतो, म्हणजे पोराला काय बघायचं ते कळेल. मालगाडी बाजूच्या लाइनीत येऊन उभी राहते, पुढे डब्ल्यूएजी-९, म्हणजे मालगाडीचं विजेचं इंजिन. सिग्नल लाल. इंजिन उभं असलं तरी गप्प नसतं, आतल्या ब्लोअरची घरघर चालू असते. छपरावर बघायला सांगा, सहसा मागचा पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा दांडा) वर असतो आणि पुढचा मिटलेला. मग मेन लाइनीचा सिग्नल हिरवा होतो. स्टेशनातला माणूस हिरवा बावटा घेऊन कडेला येतो. लांबवर दिवा दिसतो, तो बराच वेळ जागचा हलत नाही असं वाटतं, आणि मग एकदम अंगावर येतो. मंगला किंवा नेत्रावती एक्स्प्रेस असली आणि तिला तिथे थांबा नसला तर धूळ, पालापाचोळा, प्लॅस्टिकचे कप सगळं उडवत निघून जाते. तेवढ्या दोन क्षणांत इंजिनातला माणूस आणि स्टेशनातला माणूस एकमेकांना बावटा दाखवतात. तो बावट्याचा फोटो ज्याला साधला त्याचं मी कौतुक करीन, नुसती इंजिनं सगळेच टिपतात. ती गेली की पाच मिनिटांत मालगाडीला सिग्नल. आधी भोंगा, मग ब्रेक सुटल्याचा फुस्स, आणि मग मोटरांचा सूर हळूहळू चढत जातो. या मोटरांचं तंत्र नव्वदच्या दशकात एबीबी कंपनीकडून आलं. जुन्या आणि नव्या इंजिनांचे सूर वेगळे असतात. पोराला डोळे मिटून ऐकायला सांगा, त्याला फरक कळेल.

मालवणहून कुडाळ पाऊण-एक तास. पण मला विचाराल तर, आणि हे मी कुडाळकर असून सांगतोय, एक सकाळ किंवा दुपार सावंतवाडी स्टेशनला द्या. तुतारी एक्स्प्रेस तिथे संपते आणि तिथूनच परत दादरला सुटते. म्हणजे इंजिन सोडवून, बाजूच्या लाइनीवरून फिरवून, दुसऱ्या टोकाला जोडायचं. रुळांत उतरून माणूस कपलिंग सोडवतो, हवेचे पाइप अलग करतो. ब्रेकच्या पाइपाचा रंग हिरवा, फीड पाइपाचा पांढरा. डब्यापासून इंजिन सुटून एकटंच पुढे जातं तेव्हा त्याचा पूर्ण एका बाजूचा फोटो मिळतो, मागे डबा नाही, काही नाही. असा फोटो मोठ्या जंक्शनात गर्दीमुळे मिळत नाही.

वंदे भारतच्या मागे वेळ घालवू नका. तिला वेगळं इंजिनच नाही, तुमच्या भाच्याच्या हिशेबात ती लोकलच ठरेल.

डिझेलचं म्हणाल तर तो जमाना गेला. २०२२ मध्ये पूर्ण मार्गावर वीज आली. त्याआधी मांडवी, कोकणकन्या यांना कल्याण शेडची (शेड म्हणजे इंजिनांचं घर) डब्ल्यूडीएम-३डी ही डिझेल इंजिनं लागायची. स्टेशन सोडताना काळ्या धुराचा लोट आणि तो धडधडाट, आमच्या घरात जेवताना कळायचं कुठली गाडी सुटली. आता पांढरी डब्ल्यूएपी-७ येते, विजेची. ताकद जवळजवळ दुप्पट, डब्यांतल्या दिव्यांना आणि एसीला वीजसुद्धा तीच वरच्या तारेतून पुरवते, म्हणून जनरेटरचा कलकलाट गेला. चांगलं झालं हे मान्य. मला करमत नाही हेही मान्य.

फोटोचं थोडं. आपले रूळ साधारण उत्तर-दक्षिण आहेत. त्यामुळे सकाळी पूर्वेच्या बाजूने आणि दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूने काढा, ऊन पाठीशी राहील. समोरून थोडं तिरकं उभं राहायचं, म्हणजे इंजिनाचा चेहरा आणि एक बाजू दोन्ही येतात. बाजूला शेडचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो, तो वाचता आला पाहिजे. खांब इंजिनाच्या तोंडावर येतोय का ते आधीच बघून ठेवा, तारा आल्यापासून निम्मे फोटो खांबांनी खाल्ले आहेत. धावत्या गाडीला शटर सेकंदाच्या १/१०००पेक्षा हळू नको. पांढरं इंजिन आणि मागे गर्द झाडी असली की कॅमेरा फसतो, इंजिन चुन्यासारखं पांढरंफटक येतं, म्हणून एक्स्पोजर थोडं उणे करायला सांगा. आणि एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. दमट हवेत लेन्सवर लगेच वाफ धरते आणि बरोबर तेव्हाच गाडी येते. तासभर आधी पिशवीतच बाहेर ठेवायचा.

---

घाटमाथा_चिपळूण

कुडाळकरांशी सहमत, फक्त रत्नागिरीला अगदीच वगळलंत म्हणून लिहितोय. येता-जाता रेल्वेने प्रवास असेल तर रत्नागिरी ते निवसर या टप्प्यात पोराला दारापासून लांब, खिडकीशी बसवा. पानवलचा पूल तिथे लागतो, दरीपासून ६४ मीटर उंच. आतून बघताना खाली एकदम पोकळी जाणवते. बाहेरून फोटो काढायचा तर वेगळा दिवस काढून खालच्या बाजूला जावं लागेल, पण गाडी तिथे खेळण्यातली दिसते, हे खरं.

त्याच्या अलीकडे उक्षी आणि भोके यांच्या मध्ये करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटर. त्याला सांगा की मोबाइलवर आत जाताना आणि बाहेर येताना वेळ लिहून घे आणि गाडीचा वेग काढ. माझी मुलं हाच खेळ खेळत मोठी झाली. उक्षीचा रानपाटचा धबधबा मात्र नोव्हेंबरात विसरा, तो पावसाळ्याचा माल आहे.

आणि रो-रो! मालगाडीच्या सपाट वॅगनवर भरलेले ट्रक, ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये पाय पसरून बसलेले. कोलाड ते वेर्णा १९९९ पासून चालू आहे. कोकण रेल्वेचा खास म्हणावा असा एकच फोटो असेल तर तो हा. वेळापत्रक छापील नसतं, क्रॉसिंगला मिळाली तर नशीब.

---

निवृत्त_गार्ड

कौतुक वाचलं, आता म्हातारं माणूस कटकट करणार आहे.

स्टेशनात गेल्यावर आधी स्टेशनमास्तरांना भेटा. मूल सोबत आहे, इंजिनांची आवड आहे, प्लॅटफॉर्मवरून फोटो काढतो, एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही. उलट कुठली गाडी कुठल्या लाइनीत येतेय ते तेच सांगतात. नाही म्हणाले तर वाद न घालता कॅमेरा ठेवून द्यायचा. ट्रायपॉड नको, ड्रोनचं नावच नको.

रुळांवर उतरायचं नाही. पूल, बोगद्याचं तोंड, कटिंगची (डोंगर कापून केलेल्या वाटेची) कड, कुठेच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण ते सोडा. पुलावर पळायला जागा नसते आणि विजेचं इंजिन डिझेलसारखं लांबून ऐकू येत नाही. वाऱ्याची दिशा उलटी असली तर मागे येऊन ठेपेपर्यंत कळत नाही. नोकरीत जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

दुसरं, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. ती शिवावीच लागते असं नाही, दोन मीटरच्या आत गेलं तरी घात होऊ शकतो. सेल्फी स्टिक, लांब छत्री, मासे पकडायचा गळ (मालवणहून येताय म्हणून सांगतो) यातलं काही पुलावर किंवा प्लॅटफॉर्मवर उंच धरू नका. पादचारी पुलाच्या जाळीतून हात बाहेर काढायचा नाही.

---

मावशी_डोंबिवली

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. भाचा माझ्या खांद्यावरून वाचतोय. निवृत्त गार्डकाका, तुमचा परिच्छेद त्याच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. गळ यजमानांच्या सामानात होता, तो आता स्टेशनला येणार नाही.

त्याचे दोन प्रश्न: ड्रायव्हरकाकांना विचारलं तर इंजिनात चढू देतात का? आणि प्लॅटफॉर्म तिकिटावर दिवसभर बसता येतं का? माझा एक: बाकीचे समुद्रावर असताना आम्ही दोघांनी नक्की कधी निघावं?

---

रुळाकाठी_कुडाळ

इंजिनात चढू देत नाहीत आणि विचारूही नये, त्यांची नोकरी जाईल. प्लॅटफॉर्मवरून हात हलवायचा, पुष्कळदा उलट हात येतो. क्वचित भोंगाही.

प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, पण दोनच तास चालतं. त्यापेक्षा असं करा. सकाळी लवकर गाडीने सावंतवाडी स्टेशन गाठा. तिथून दिव्याला जाणारी पॅसेंजर सुटते, तिचं कुडाळचं जनरल तिकीट काढा आणि तुमच्या ड्रायव्हरला कुडाळला पाठवून द्या. सुटायच्या आधी तासभर उभं इंजिन हवं तसं टिपता येईल. मध्ये झाराप लागतं. या गाडीला कोणीही ओलांडून जातं, त्यामुळे वाटेत क्रॉसिंग मिळायची आशा ठेवायला हरकत नाही. कुडाळला उतरून दुसरं तिकीट काढून दुपारपर्यंत बसा, उलटसुलट बऱ्याच गाड्या होतात. जेवायला मालवणात परत.

वेळा इथे मुद्दाम लिहीत नाही. पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात संपतं आणि सगळ्या वेळा बदलतात, त्यामुळे जुना स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर त्यावर जाऊ नका. आदल्या रात्री ॲपवर बघा. पॅसेंजरमध्ये पश्चिमेची, म्हणजे कुडाळकडे जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. आणि तुतारीचं इंजिन फिरवताना बघायचं असेल तर तो बेत दुपारचा, दुसऱ्या दिवशी. एकाच दिवसात दोन्ही कोंबलंत तर घरची मंडळी तुम्हाला पुन्हा समुद्रावर घेणार नाहीत.